पहिला जुना संगणक: बीबीसी मायक्रो घ्या, चालता करा आणि त्याचं चित्र नीट टिपा

बीबीसी मायक्रो चालू केला की आधी खालच्या पट्टीतला एक आवाज येतो आणि लगेच वरच्या पट्टीतला आखूड 'बीप'. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटतं, त्याखाली 'बेसिक' आणि त्याखाली लुकलुकणारा कर्सर. लोगो नाही, लॉगिन नाही, 'अपडेट होत आहे, कृपया थांबा' नाही. बटण दाबलं की लगेच प्रोग्राम लिहायला सुरुवात. १९८१ सालचं मशीन आजही इतक्या तत्परतेने हजर होतं, याचं मला दर वेळी तितकंच कौतुक वाटतं.

जुना संगणक घ्यावा, तो चालवावा आणि त्याचा व्हिडिओ करून लोकांना दाखवावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तिन्ही गोष्टी मुद्दामच एकत्र घेतल्या आहेत. कपाटात बंद ठेवलेल्या मशीनची फक्त पेटी शिल्लक राहते. ते मशीन काय होतं, हे त्याच्या पडद्यावर कळतं. म्हणून ते चित्र जसं होतं तसं, रंग आणि वेग न बिघडवता टिपणं, हे मी संग्रहाचंच काम मानतो. आणि नेमकं हेच काम बहुतेक नवे संग्राहक घाईघाईत उरकतात.

सुरुवातीला हेच मशीन का

जुन्या संगणकांत नावं पुष्कळ आहेत: कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, अमिगा, अ‍ॅपल टू. मी नवख्यांना बीबीसी मायक्रोचं 'मॉडेल बी' सुचवतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी बनवलं. १ डिसेंबर १९८१ ला ते बाजारात आलं तेव्हा मॉडेल बीची किंमत ३३५ पौंड होती. आत २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट रॅम आणि सोफी विल्सन यांनी लिहिलेलं बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. त्या बेसिकमध्ये नाव दिलेल्या प्रोसिजर होत्या, आणि प्रोग्रामच्या मध्येच असेंब्ली भाषेत लिहायची सोय होती. त्या काळच्या घरगुती संगणकांत हे दुर्मीळ. पुढे याच कंपनीत स्टीव्ह फर्बर आणि विल्सन यांनी एआरएम प्रोसेसर घडवला. २६ एप्रिल १९८५ ला आलेली पहिली एआरएम चिप तपासली गेली ती बीबीसी मायक्रोला जोडूनच. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

भारताशी या मशीनचं नातं थेट आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो पोचले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्यांची इथे जुळणीही केली. तेव्हा हायस्कूलमध्ये असलेल्या कुणाला विचारा, 'त्या क्रीम रंगाच्या, लाल बटणांच्या कॉम्प्युटरवर आम्ही पहिल्यांदा टाइप केलं' असं सांगणारं कुणी ना कुणी भेटेल.

याशिवाय व्यवहारातली कारणंही आहेत. मशीन शाळेतल्या पोरांनी वापरावं म्हणून दणकट बांधलेलं आहे. बहुतेक महत्त्वाच्या चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत, म्हणजे डिसोल्डर न करता बदलता येतात. मागे रंगीत चित्रासाठी स्वच्छ आरजीबी जोडणी आहे, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या तारांनी बाहेर येतात. व्हिडिओ करणाऱ्याला याहून काय हवं?

खर्च करण्याआधी

आधी इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आठवडाभर रमून बघा. 'जेएसबीब' ब्राउझरमध्येच चालतं, काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. 'बीबएम' आणि 'बी-एम' हे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. दोन-चार प्रोग्राम लिहा, पडद्याचे वेगवेगळे 'मोड' बघा. मोड २ मध्ये आठ रंग मिळतात, पण ३२ पैकी २० किलोबाइट पडद्यातच जातात. मोड ७ हा टेलिटेक्स्टचा, म्हणजे टीव्हीवर अक्षरी माहिती दाखवायच्या जुन्या पद्धतीचा मोड, तो १ किलोबाइटमध्ये भागवतो. ही ओढाताण बोटांना कळली की खऱ्या मशीनची किंमत कळते. आठवड्यानंतरही हात शिवशिवत असतील तर पुढे जा.

मशीन कुठून आणायचं

भारतात शाळा-कॉलेजांच्या अडगळीतून, भंगारवाल्यांकडून आणि पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी अधूनमधून जुनं हार्डवेअर निघतं. पण बीबीसी मायक्रोसाठी त्याच्या भरवशावर बसलात तर वर्षं जातील. ओळखीतल्या जुन्या शिक्षकांना, लॅब असिस्टंटना विचारून ठेवा. चांगली मशीनं अशाच तोंडी बातमीवर मिळतात.

खात्रीचा मार्ग म्हणजे ब्रिटनमधून मागवणं. तिथे ही मशीनं दहा लाखांहून जास्त विकली गेली, त्यामुळे आजही ती लिलावाच्या संकेतस्थळांवर नियमित येतात. लंडन-लेस्टरकडे कुणी नातेवाईक असेल तर उत्तमच. आणखी एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते: ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे टीव्हीची पद्धत पाल, दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झची आणि व्होल्टेज जवळपास सारखं. अमेरिकेतून आणलेल्या मशीनला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एनटीएससी ही तिथली टीव्हीची पद्धत चालवणारा पडदा शोधत बसावं लागतं. म्हणून कुठलाही जुना घरगुती संगणक घ्यायचा असो, आपल्याला ब्रिटन किंवा युरोपमधला सोयीचा.

विक्रेत्याला चार फोटो मागा: मशीन चालू असताना पडदा, झाकण उघडून आतला बोर्ड, कीबोर्ड वरून जवळून, आणि तळाची बाजू. 'अनटेस्टेड' असं लिहिलेलं असेल तर ते मशीन बंदच आहे असं धरून किंमत ठरवा. पिवळं पडलेलं झाकण चालेल. तुटलेली बटणं चालतील, ती मिळतात. बोर्डावर गंज, हिरवट डाग किंवा कुणीतरी केलेलं ओबडधोबड सोल्डरिंग दिसलं तर सोडून द्या. मॉनिटर मागवू नका, वाटेत फुटतो आणि वाहतुकीचा खर्च मशीनपेक्षा जास्त होतो. कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचे पैसे आधीच हिशेबात धरा.

आल्या आल्या प्लग लावू नका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवखी माणसं सगळ्यात जास्त इथेच घाई करतात. पार्सल उघडलं, समोर मशीन आहे, मन आवरत नाही. तरी आवरा.

बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय मशीनच्या आतच, डावीकडे धातूच्या पेटीत असतो. त्या पेटीत मेन्सच्या वाटेवर दोन छोटे चौकोनी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, आणि बहुतेक मशीनमध्ये ते 'रिफा' बनावटीचे. त्यांचं आवरण पारदर्शक, पिवळसर, आणि आत धातूचा थर दिलेला कागद. वर्षानुवर्षांत आवरणाला बारीक भेगा जातात, त्या भेगांतून हवेतला ओलावा कागदात शिरतो. मग एक दिवस २३० व्होल्ट मिळाले की कपॅसिटर 'फट्' करून फुटतो आणि खोलीभर दाट, उग्र वासाचा धूर होतो. कित्येकदा गंमत अशी की त्यानंतरही मशीन चालूच राहतं. पण तो चिकट राप आतून खरवडून काढायला दिवस जातो. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत तर हे कपॅसिटर न बदलता मशीन चालवायचा विचारही करू नये.

बदलायचे ते असे. मशीनच्या मागे दोन आणि तळाला दोन स्क्रू आहेत, त्यांच्याजवळ 'फिक्स' असं छापलेलं आहे. ते काढले की वरचं झाकण निघतं. पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे जाणाऱ्या तारा बघा: लाल तारा अधिक ५ व्होल्टच्या, काळ्या शून्याच्या आणि एकटी जांभळी उणे ५ व्होल्टची. काढण्याआधी फोनने फोटो घ्या. जांभळी तार लालच्या जागी लागली तर बोर्डावरच्या चिपा जातील, म्हणून हा फोटो दोन कोनांतून घ्या. मग तळाचे स्क्रू काढून पेटी बाहेर घ्या.

पेटी उघडल्यावर सगळ्यात मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे आदराने बघा. चालू असताना त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. मशीन प्लगपासून कितीतरी वेळ दूर असलं तरी मल्टिमीटर लावून शून्याजवळ आहे हे बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. नंतर 'सी१' आणि 'सी२' शोधा. सी१ हा ०.१ मायक्रोफॅरडचा आणि सी२ हा ०.०१ मायक्रोफॅरडचा. दोन्हीच्या जागी 'एक्स२' वर्गाचे, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून वरचे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर बसवा. पायांमधलं अंतर मोजून घ्या, नाहीतर दुकानातून आणलेला भाग भोकांत बसत नाही. सोबत २२० मायक्रोफॅरडचा 'सी९' हा छोटा इलेक्ट्रोलिटिकही बदलून टाकावा, तो वयाने सुकलेला असतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे हे भाग मिळतात आणि चहाच्या किमतीत मिळतात. दुकानात मागताना 'एक्स२' हा वर्ग ठणकावून सांगा, साधा कपॅसिटर मेन्सवर लावणं धोक्याचं आहे.

सोल्डरिंग कधी केलं नसेल तर हे काम शिकायला घेऊ नका. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला हे अर्ध्या तासाचं काम आहे. शेजारी उभे राहा, बघून घ्या.

प्लगचंही तेव्हाच करून टाका. ब्रिटिश प्लग काढून अर्थिंग असलेला आपला तीन पिनी बसवा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना, तेही बघा. जुन्या इमारतींत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेला असतं.

आता बोर्डाला जोडण्याआधी पॉवर सप्लाय एकटा तपासायचा. पण मोकळा नको, लोड लागतो. लाल आणि काळ्या तारेमध्ये ५ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर लावा. तो तापतो, हात लावू नका. मल्टिमीटरवर ५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर छान. ५.२५ च्या वर गेला तर बोर्डाला अजिबात लावू नका.

पहिला आवाज

तारा फोटो बघून परत लावा, कीबोर्डची रिबन नीट दाबा आणि चालू करा. कान उघडे ठेवा. खालचा आवाज आणि मग वरचा 'बीप' आला, कॅप्स लॉकचा दिवा पेटून राहिला, की तुमचं मशीन शुद्धीवर आहे. पडदा जोडलेला नसला तरी एवढ्यावरून कळतं. खालचा आवाज तसाच लांबत राहिला तर प्रोसेसर सुरुवातीचं कामच पूर्ण करू शकत नाहीये. घाबरू नका. अशा वेळी दोष बऱ्याचदा सॉकेटमध्ये निघतो. बंद करून, प्लग काढून, सॉकेटमधल्या चिपा एकेक करून हलक्या हाताने अर्ध्या उचला आणि परत दाबून बसवा. गरम-थंड होऊन त्या वर्षानुवर्षांत वर सरकलेल्या असतात, पायांवर काळपट थर चढलेला असतो. प्रवासात हादरेही बसलेले असतात.

कर्सर आला की दोन ओळखी करून घ्या. 'स्टार एफएक्स शून्य' (*FX 0) ही आज्ञा दिली की ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती दिसते, ती १.२० असायला हवी. आणि नुकतं चालू केलेल्या मशीनला 'रिपोर्ट' (REPORT) म्हणा. १९८१ साल छापून आलं तर बेसिकची पहिली आवृत्ती, १९८२ आलं तर दुसरी. दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

अडकणाऱ्या बटणांना कॉन्टॅक्ट क्लीनर एक थेंब आणि मग शांतपणे खूप वेळा दाबणं, एवढंच औषध.

प्रोग्राम चढवणं

त्या काळी कॅसेट होत्या, मग सव्वापाच इंची फ्लॉपी. आज सोपा मार्ग म्हणजे तळाच्या 'यूजर पोर्ट'ला लागणारं एसडी कार्डचं छोटं बोर्ड आणि बोर्डावरच्या रिकाम्या रॉम सॉकेटमध्ये कार्ड वाचणारा 'एमएमएफएस' नावाचा रॉम. कार्डावर शेकडो फ्लॉपींच्या प्रतिमा, म्हणजे जशाच्या तशा डिजिटल प्रती, मावतात. शिफ्ट धरून ब्रेक दाबलं की निवडलेली डिस्क आपोआप सुरू होते.

मशीनबरोबर खऱ्या फ्लॉपी आल्या असतील तर त्यांना खेळणं समजू नका. त्यात एखाद्या शाळेतल्या मुलांनी लिहिलेले प्रोग्राम असू शकतात, जे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बुरशीचे ठिपके दिसत असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, बुरशी हेडवर पसरून पुढच्या फ्लॉपीही खराब करते. स्वच्छ असतील त्या आधी 'ग्रीझविझल' या स्वस्त यूएसबी बोर्डाने वाचून घ्या. ते चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यामुळे आज न वाचता आलेला भागही पुढे कधी सोडवता येतो.

चित्र बाहेर काढताना

मागच्या बाजूला तीन मार्ग आहेत. यूएचएफ, जे अँटेनाच्या वायरने टीव्हीला लागतं: चित्र मऊ आणि खरखरीत, विसरून जा. बीएनसी या गोल जोडणीवर कंपोझिट, म्हणजे एकाच तारेतून येणारं चित्र, जे मुळात कृष्णधवल असतं. बोर्डावर 'एस३९' ही जोडणी केली की त्यात रंग येतात, आणि घरातल्या जुन्या डबा टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला ते छान चालतं. तिसरा, सहा पिनांचा आरजीबी. व्हिडिओसाठी हाच.

आरजीबीबद्दल एक इशारा. या मशीनचे रंग-संकेत ५ व्होल्टच्या डिजिटल पातळीचे आहेत. युरोपातल्या टीव्हींच्या मागे असणाऱ्या स्कार्ट सॉकेटला अपेक्षित असतात ०.७ व्होल्ट. मधे रेझिस्टर नसलेली केबल थेट टीव्हीत खुपसू नका.

माझ्या मते यावरचा सगळ्यात सुंदर उपाय म्हणजे 'आरजीबी-टू-एचडीएमआय'. रास्पबेरी पाय झीरोवर बसणारं हे छोटं बोर्ड हौशी लोकांनीच घडवलं, तेही मुळात बीबीसी मायक्रोसाठी. ते संकेतातला प्रत्येक ठिपका वेगळा ओळखून घेतं आणि एचडीएमआयवर तंतोतंत उभा करतं. मोड ७ वेगळ्या तालावर चालतो, तेही ते आपोआप ओळखतं. सेटिंगमध्ये १९२० बाय १०८०, ५० हर्ट्झ निवडा. मशीनच्या २५६ ओळी चौपट केल्या की १०२४ होतात, वर-खाली २८-२८ ओळींची काळी पट्टी उरते. रुंदी ६४० ची दुप्पट, १२८०. यात चित्र खऱ्या टीव्हीपेक्षा किंचित रुंद दिसतं. तरीही मी हेच निवडतो, कारण प्रत्येक ठिपका सारख्या मापाचा राहतो. चित्र ताणून पूर्ण पडदा भरलात तर काही ठिपके जाड आणि काही बारीक होतात, आणि अक्षरांचा सगळा डौल जातो.

टिपून ठेवणं का महत्त्वाचं

१९८६ मध्ये बीबीसीने 'डूम्सडे प्रकल्प' केला. १०८६ सालच्या इंग्लंडच्या 'डूम्सडे बुक' या नोंदवहीला ९०० वर्षं झाली म्हणून देशभरातल्या शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची माहिती आणि फोटो गोळा केले. ते सगळं लेझरडिस्कवर (मोठ्या व्हिडिओ तबकडीवर) उतरवलं आणि बीबीसी मायक्रोच्या पुढच्या पिढीतल्या बीबीसी मास्टर संगणकाला फिलिप्सचा खास प्लेअर जोडून दाखवलं. संगणकाची अक्षरं थेट चालत्या व्हिडिओवर उमटायची. १९८६ सालासाठी हे विलक्षण होतं. पण प्लेअर दुर्मीळ झाले, आणि काही वर्षांतच ती माहिती बघणं अवघड होऊन बसलं. मूळ हस्तलिखित मात्र नऊ शतकांनंतरही वाचता येतं. पुढे हौशी मंडळींनी 'डूम्सडे डुप्लिकेटर' नावाचं उपकरण बनवून लेझरडिस्कवरचा मूळ संकेतच टिपायला सुरुवात केली, त्यामुळे ते चित्र चांगल्या दर्जासह जपता येऊ लागलं. तुमच्या घरातल्या मशीनच्या बाबतीत हे काम आजच, मशीन धडधाकट असतानाच करता येतं.

रेकॉर्डिंग

एचडीएमआय कॅप्चर कार्ड घ्या, यूएसबी ३ चं. अगदी स्वस्तातली यूएसबी २ वाली पेन ड्राइव्हएवढी कार्डं चित्र दाबून पाठवतात, त्यामुळे अक्षरांच्या कडेला किडे वळवळल्यासारखे दिसतात. सॉफ्टवेअर 'ओबीएस स्टुडिओ', फुकट आहे आणि उत्तम आहे.

ओबीएसमध्ये सगळ्यात आधी फ्रेम रेट ५० करा. तो मुळात ३० किंवा ६० वर असतो आणि तिथेच बहुतेकांचं चित्र बिघडतं. मशीन सेकंदाला ५० चित्रं काढतं. ६० च्या रेकॉर्डिंगमध्ये दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा येते, आणि गुळगुळीत सरकणारी पार्श्वभूमी झटके देत सरकते. २५ किंवा ३० वर तर काही गोष्टी हरवतातच. जुन्या खेळांत कधीकधी एक वस्तू एका आड एक फ्रेमला काढलेली असते, डोळ्याला ती अर्धपारदर्शक वाटते. २५ च्या व्हिडिओत ती एक तर ठोकळ्यासारखी घट्ट दिसते, नाहीतर नाहीशी होते. बघणाऱ्याला वाटतं खेळच असा होता.

फाइल एमकेव्हीमध्ये साठवा, मधेच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी४ करून घेता येते. बिटरेटची कंजुषी नको. सपाट रंगांचं चित्र तसंही कमी जागा घेतं.

आवाजासाठी मागे वेगळा जॅक नाही. मायक्रोफोन मशीनच्या स्पीकरजवळ ठेवा. बटणांचा खडखडाट त्यात येतो आणि यावाच. पुढे आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीलाच दोन ओळींचा बेसिक प्रोग्राम चालवा, जो पडदा पांढरा करेल आणि त्याच क्षणी बीप देईल. टाइमलाइनवर त्या दोन खुणा एकाखाली एक आणल्या की काम झालं.

डबा टीव्हीचा पडदा कॅमेऱ्याने टिपायचा असेल तर फोन २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० वर हवं, नाहीतर काळे पट्टे वर-खाली फिरतात. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे मोफत अ‍ॅप ही दोन्ही सेटिंग्ज हातात देतं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. आपल्याकडची वीजही ५० हर्ट्झची असल्याने खोलीतल्या ट्यूबचा लखलखाटही याच शटरवर शांत राहतो. आणि डबा टीव्हीचं मागचं झाकण कुठल्याही कारणाने उघडायचं नाही, बंद असतानाही आत जीवघेणं व्होल्टेज उरलेलं असू शकतं.

एडिटिंग

मी 'डाव्हिंची रिझॉल्व्ह' वापरायला सांगतो, मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. लॅपटॉप जुना असेल तर 'केडेनलाइव्ह' घ्या. लिनक्सवरची मोफत रिझॉल्व्ह एच.२६४ फाइल उघडत नाही, तिथे आधी 'एफएफएमपेग' या मोफत प्रोग्रामने डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करावं लागतं.

रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट उघडल्यावर एकही क्लिप आत आणायच्या आधी टाइमलाइनचा फ्रेम रेट ५० करा. क्लिप आल्यावर तो बदलू देत नाही. रीटाइमची (क्लिपचा वेग जुळवायची) पद्धत 'नियरेस्ट' ठेवा. 'ऑप्टिकल फ्लो' दोन फ्रेममधलं चित्र कल्पनेने तयार करतं, आणि बीबीसी मायक्रोने कधीच न काढलेलं चित्र आपल्याला नको आहे. आकार बदलायच्या फिल्टरमध्ये 'नियरेस्ट नेबर' निवडा. झूम करायचं तर दुप्पट, तिप्पट असं पूर्णांकातच.

मग रंग. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राचा उजेड दाखवणारा आलेख, उघडा. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं असलेली क्लिप घ्या. काळा ० वर आणि पांढरा १०२३ वर टेकला पाहिजे. काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर अडकला असेल तर कॅप्चर कार्ड आणि सॉफ्टवेअर यांचं एकमेकांशी जुळलेलं नाही. क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये 'डेटा लेव्हल्स' बदलून बघा. एवढं झालं की रंगांना हात लावू नका. या मशीनला काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा हे आठच रंग येतात आणि आठही भडक, निर्भेळ आहेत. त्यावर सिनेमासारखा लूक चढवणं, खोट्या स्कॅनलाइन टाकणं, कडा धारदार करणं, हे सगळं टाळा.

कापताना मात्र हात आखडू नका. फ्लॉपी फिरते आहे, आपण थांबलो आहोत, हे एकदा पूर्ण दाखवा. त्या काळच्या माणसाचा तो रोजचा अनुभव होता. दुसऱ्यांदा कापा. आवाज चित्राच्या किंचित आधी सुरू केला, म्हणजे हातांच्या शॉटवरच पुढच्या पडद्याचा बीप ऐकू आला, तर कट जाणवत नाही.

मराठी शीर्षकं देणार असाल, आणि द्याच, तर आधी 'क्ष', 'र्‍या', 'श्री', 'ट्रॅ' टाइप करून जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते बघा. फुटत असतील तर शीर्षक 'इंकस्केप' या मोफत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. फाँटसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घ्या, मोफत आहे आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो.

शेवटचं रेंडर २१६० ओळींचं, ५० फ्रेमचं काढा. १०८० ची नेमकी दुप्पट असल्याने ठिपके शाबूत राहतात, आणि यूट्यूब मोठ्या आकाराच्या व्हिडिओला जास्त बिटरेट देत असल्याने बारीक अक्षरं वाचता येतात.

मूळ कॅप्चर पुसू नका. एका फोल्डरमध्ये ते, फ्लॉपीच्या प्रतिमा आणि बोर्डाचे फोटो ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. व्हिडिओखालच्या वर्णनात बोर्डाचा इश्यू (आवृत्ती) क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बेसिकची आवृत्ती, कुठले भाग बदलले आणि चित्र कशाने टिपलं हे मराठीत लिहा. मशीन एखाद्या शाळेतून आलं असेल तर शाळेचं नाव त्यांना विचारून नक्की द्या. त्या वर्गात बसलेलं कुणीतरी ते नाव शोधत येईल, आणि त्यांच्या घरात कदाचित अजून एखादी फ्लॉपी असेल.